नाव घातलेला गेम

“बाकी सगळं झकास झालंय, जागृती. फक्त ते नाव पुसून आण,” इंद्रजित म्हणाला. म्हणाला असा, की जणू शर्टावरचा चहाचा डाग काढून आणायचाय.

नाव म्हणजे साधं पेनाने लिहिलेलं नव्हतं. व्हिडिओ गेमच्या पुढच्या पांढऱ्या भागावर ते ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं: कु. मिताली गंगू कोळी. लग्नातल्या स्टीलच्या डब्यांवर, कळशांवर घालतात तसंच आणि त्याच मशिनने घातलेलं. गेम जपानी, लाल-पांढरा, अगदी पहिल्या खेपेतला, चौकोनी रबरी बटणांचा. असला नग दिसला की जुने गेम जमवणाऱ्यांची झोप उडते. आणि अशा नगावर कुठल्याशा बाईने हंड्यावर घालावं तसं नाव घालून ठेवलेलं! फोटो पाहिला तेव्हाच इंद्रजितने कपाळावर हात मारून घेतला होता.

आता तो स्वतः घणसोली गावात, जागृतीच्या गाळ्यात स्टुलावर बसला होता. रविवारी सीवूड्सला जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं आणि हा गेम त्याला पहिल्या टेबलावर मांडायचा होता.

“त्या ठिपक्यांत लांबी भर, घास, वरून रंग मार. तू केलंस तर कुणाच्या बापाला कळणार नाही. मग बघ, पुण्या-बंगळुरूहून कामं येतील. सगळी तुझ्याकडेच देईन.”

‘आणि खाली कार्डावर काम कुणाचं म्हणून लिहिणार?’ हे जागृतीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मान डोलावली. मान डोलावल्याचा तिला तो जाईपर्यंत राग येत राहिला आणि तो गेल्यावर आणखी आला.

या रागाचं कारण जुनं होतं. लोकांच्या घरातून, भंगारवाल्यांकडून जुने टीव्ही-गेम विकत घ्यायचे, उघडायचे, साफ करायचे, आजच्या टीव्हीवर चालतील असे बदल करायचे आणि हौशी लोकांना विकायचे, हा जागृतीचा धंदा. गल्लीत याला धंदा म्हणायला कुणी तयार नव्हतं. तिच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, तर घराखालचा रस्त्यालगतचा गाळा पोरीच्या खेळण्यांपायी अडकून पडलाय, हे रोज नेमकं जेवताना आठवायचं. “दिवाळीपरयंत बग,” असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. “नाय जमला तं चाव्या दे. केकवाला माज्या मागं लागलाय.”

गाळा टिकला होता तो इंद्रजितच्या कामावर. सीवूड्सच्या टॉवरात राहणारा, मोठ्या पगाराचा आणि गेमच्या बाबतीत खराखुरा वेडा माणूस. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ‘दुकानात भाऊ नाही का?’ असं विचारायचं, तेव्हा पहिला महागडा गेम याच माणसाने तिच्या हातात विश्वासाने ठेवला होता. हे ती विसरली नव्हती. पण तिने करून दिलेल्या प्रत्येक गेमचा फोटो संध्याकाळी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर पडायचा आणि खाली लिहिलेलं असायचं: इंद्रजित वर्कशॉप. वर्कशॉप म्हणे! त्या माणसाच्या घरात धड स्क्रू ड्रायव्हर नव्हता. लोक वा वा करायचे, तो हात जोडलेले पाठवायचा. जागृतीही त्या ग्रुपवर होती. ती चरफडायची आणि चरफडत का होईना, अंगठा द्यायची.

हा गेम मात्र त्याने आणलेला नव्हता. तो आला मासळीच्या टोपलीतून.

गंगूमावशी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची कोळीण, बसायची घणसोलीच्या बाजारात. जागृतीच्या आईला बोंबील घालता घालता तिने ऐकलं, की हिची पोरगी जुने गेम घेते. दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर ती थेट गाळ्यात आली आणि टोपलीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं हे धूड काढून टेबलावर ठेवलं. जागृतीचे डोळेच विस्फारले. तिने भाव सांगितला, आणि खरा सांगितला. विकणाऱ्याला अंधारात ठेवून स्वस्तात लाटायचं तिला कधी जमलंच नाही. गंगूमावशीने सवयीने थोडी घासाघीस केली आणि पैसे कमरेला खोचले.

“मावशी, यावर नाव आहे,” जागृती म्हणाली.

“हाय ना. पोरीचा हाय. पोर कामोठ्यान ऱ्हाते आता. तिला इचारून आनलाय, चोरून नाय.”

एवढं बोलून ती गेली. जागृतीने गेम उघडला तर आतून सुक्या बोंबलाचा भपकारा! तिने तो पुसपुसून साफ केला. फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. हा गेम चित्र पाठवायचा अँटेनाच्या वायरीतून, त्यामुळे आजच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. तिने आत छोटी पट्टी बसवून चित्राची आणि आवाजाची वेगळी वायर बाहेर काढली. बटण दाबलं आणि पडद्यावर असं लख्ख चित्र आलं, की गाळ्यात एकटी असूनही तिने टाळी वाजवली.

राहिला होता पिवळेपणा. जुनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. हे तर जुन्या उशीच्या अभ्र्यासारखं झालेलं. त्यावर उपाय म्हणजे केसांचा रंग उडवायला पार्लरमध्ये लावतात ते क्रीम. “गेमला केस कुठेत गं?” पार्लरवाल्या अक्षताने विचारलं आणि डबा दिला. जागृतीने झाकणाला क्रीम थापलं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. “आता खेलन्याला पन फेशियल?” आप्पा म्हणाले आणि वाळत घातलेली लुंगी उचलून खाली गेले.

संध्याकाळी झाकण धुतलं तर पांढरंशुभ्र. आणि नाव? ठिपक्यांत वर्षानुवर्षं बसलेला काळा मळ तसाच राहिला होता. पिवळ्यात दबून गेलेलं नाव आता दारातूनही वाचता येत होतं. कु. मिताली गंगू कोळी. जागृतीला हसू आलं. इंद्रजितला ते आलं नाही, हे तर आपण पाहिलंच.

तो गेल्यावर तिने लांबी कालवली. मोठा उपकार करायचा असावा तसा पॉलिश पेपर हातात घेतला आणि ‘कु.’पासून सुरुवात केली. एकदा घासलं. ‘कु’पुढचं टिंब फिकं झालं. दुसऱ्यांदा घासायला हात उचलला, तो तसाच राहिला. कुणाचं नाव आहे, का घातलंय, काही ठाऊक नाही आणि आपण निघालो घासायला! बरं, घासून मोकळ्या होणाऱ्या जागेवर बसणार कोण, हे मात्र पक्कं ठाऊक. तिने पेपर फेकला, शटर ओढलं आणि बाजार गाठला.

गंगूमावशी कोळंबी सोलत होती. नावाचं विचारल्यावर तिने हात थांबवला नाही, पण चेहरा खुलला.

“भाऊच्या धक्क्यावर एक खलाशी इकत व्हता, त्याच्याकरून घेतला मी. मितालीनी शाळंन पयला नंबर आनला म्हनून. घरी आनला तं दिराची पोरा चिकटली त्याला. माजा नवरा बोलतो, पोरीला कनाला गेम? पोरांना दे, तिला चार भांडी घे. मी बोलली, बरा. भांडी तं भांडी! उचलला न् बेलापुरान भांडीवाल्याकरं नेला. बोलली, घाल नाव. भांड्यावर पोरीचा नाव घातला का त्याला कोन हात लावतो? ना बाप, ना भाव. ते तिचा. सासरी पन तिच्यासंगं जाते.”

“आणि तुमचं नाव? तिच्या वडलांचं का नाही?”

“भांडीवालापन तेच बोलला. बापाचा नाव सांग. मी बोलली, घेतला कोनी?” कोळंबीचं डोकं तिने जरा जोरातच मोडलं. “गेला मंग सासरी. सगल्यांदेखत.”

जागृती उकिडवी बसली. “मावशी, आता ते नाव पुसायला सांगतायत.”

“मंग पुस. इकला म्हंजे इकला, तुजा हाय तो. माज्या पोरीला आता त्या नावाची गरज नाय. तिच्या दारावर पाटी हाय तिच्या नावाची.” मग तिने मान वर केली. “पन पुसून कोनाचा घालनार? तुजा?”

“नाही. त्या सरांचं.”

“काम कोनी केला?”

जागृती उठून उभी राहिली. गंगूमावशीने उत्तराची वाट पाहिली नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

बाजारातून जागृती घरी आली, गेम पिशवीत घातला आणि निघाली ती बाबासोंच्या भांड्यांच्या दुकानात. बाबासो मूळचे सांगलीकडचे, घणसोलीत दुकान टाकून म्हातारे झालेले. त्यांच्या गल्ल्याशेजारी नाव घालायचं मशिन असतं. जाड पेनासारखं, वायरीला लटकलेलं, भुंग्यासारखं गुणगुणणारं.

“प्लास्टिकवर? फुटलं तर माझ्या नावानं शंख करशील,” बाबासो म्हणाले.

“फुटलं तर माझं. या नावाच्या खाली घाला, एवढ्याच अक्षरांत. काम: जागृती मढवी, घणसोली गाव.”

“आणि वडलांचं?”

“नको.”

बाबासोंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, वरचं नाव वाचलं, आणि पुढे काही न विचारता मशिन चालू केलं. प्लास्टिक जळल्याचा बारीक वास आला. जागृतीने श्वास रोखला होता. काहीही फुटलं नाही.

शनिवारी ती बसने सीवूड्सला गेली. इंद्रजितच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट, आत दिवे, आणि दिव्यांखाली ओळीने गेम. प्रत्येकाचं पोट तिने उघडलेलं होतं. कुठल्याचा कुठला सोल्डरिंगचा टाका आधी फसला होता तेही तिला आठवत होतं. आणि प्रत्येकापुढे छापील कार्ड होतं: इंद्रजित वर्कशॉप.

त्याने उत्साहाने खोका उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे काय करून ठेवलंस?”

“नाव घातलं.”

“मी पुसायला सांगितलं होतं! तू आणखी एक घातलंस? या नगाची माती केलीस तू, कळतंय का?”

“सर, हा नग मी विकत घेतलाय. टेबलावर मांडायचा असेल तर असाच मांडा. आणि कपाटातल्या कार्डांवर काम करणाऱ्याचं नाव घाला.”

इंद्रजित आधी हसला. मग तिला हसू येत नाही हे पाहून थांबला. तो वाईट माणूस नव्हता. आपण काही चुकतोय असं त्याला मनापासून वाटत नव्हतं, एवढंच. “हे बघ. शोधतो मी, पैसे मी घालतो, जपतो मी. गवंडी कधी बंगल्यावर स्वतःचं नाव लावतो का?”

“नाही लावत. पाटी मालकाचीच असते,” जागृती म्हणाली. “पण मालक कधी ‘विटा मी रचल्या’ म्हणून सांगत फिरत नाही. तुम्ही वर्कशॉप लिहिता, सर.”

तो कपाटाकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, “तुला पहिला गेम मी दिला होता.”

हे खरं होतं आणि म्हणूनच वर्मी लागलं. जागृतीचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला रागच आला.

“दिलात. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले.”

“मग यापुढे माझं काम तुझ्याकडे येणार नाही. ग्रुपवरच्या कुणाचंच येणार नाही, ते मी बघतो.”

आपल्या गाळ्यावर केकवाल्याची गुलाबी पाटी लागलेली तिला तिथल्या तिथे दिसली. तिने गेम पुन्हा खोक्यात ठेवला. खोका काखोटीला मारला आणि ती बाहेर पडली.

खाली सोसायटीच्या गेटापाशी बाक होता. तिने त्यावर गेम मांडला, दोन्ही नावं स्पष्ट दिसतील असा फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं: ‘हा गेम दिवाळ्याच्या मिताली गंगू कोळीचा. याचं काम मी केलं. इंद्रजित सरांच्या कपाटात आहेत त्यांचंही काम मीच केलं. जागृती मढवी, घणसोली गाव.’ वाचून पाहिलं. ‘कृपया गैरसमज नसावा’ असं पुढे आपोआप लिहिलं गेलं होतं, ते तेवढं खोडलं. आणि पाठवलं.

आधी एक अंगठा आला. मग तिच्या ओळखीच्या नसलेल्या कुणीतरी विचारलं, ‘घणसोलीत नक्की कुठे?’ ती देवळामागची गल्ली टाइप करत होती, तोच फोन वाजला. इंद्रजित.

“जागृती, ते ग्रुपवरचं आधी पुसून टाक!” तो इतका ओरडला, की गेटवरच्या वॉचमनने वळून पाहिलं.

तिने बाकावरच्या झाकणावर अंगठा फिरवला. वरचे ठिपके झिजून गुळगुळीत झालेले, खालचे अजून टोचत होते.

“नाही पुसत, सर,” ती म्हणाली. “घातलेलं नाव आहे ते.”