पायांवाटे निघालेला कोळसा

चर्चच्या तळघरात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एक टब तेवढा मोकळा होता, आणि त्यातही आता वर्लिन स्टिडमननं पाय सोडले होते. टबात बुडवलेलं विजेचं यंत्र सुरू झालं, तसं मिठाचं पाणी बघता बघता पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, वर काळे कण तरंगू लागले.

"तपकिरी म्हणजे यकृत, काळं म्हणजे फुप्फुसं!" ते यंत्र घेऊन बाहेरगावाहून आलेला ट्रेंट हॅलोवे कमरेला टॉवेल बांधून वर्लिनपुढे गुडघ्यांवर बसून ओरडला. "सगळं विष तळपायांतून बाहेर! संशोधनानं सिद्ध झालंय, बंधूंनो!"

कुणाच्या संशोधनानं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातले, जुन्या वळणाचे बाप्टिस्ट ख्रिस्ती. वर्षातून एकदा कमरेला टॉवेल बांधून एकमेकांचे पाय धुतो, रडतो, आणि पाणी मुकाट्यानं ओतून देतो. त्या पाण्याची चौकशी करणं आमच्यात पाप. दुसऱ्या गावात हॅलोवेला कुणी तरी हटकलं असतं. आम्ही टॉवेल पाहिला आणि विरघळलो.

वर्लिनची छाती कोळशाच्या खाणीतल्या धुळीनं दगड झालेली. नाकात ऑक्सिजनची नळी असल्याशिवाय त्याला जिना चढवत नसे. हॅलोवे आल्यापासून ती नळी घरी खुंटीवर होती. वर्लिनचे ओठ निळे पडले. हॅलोवे म्हणाला, विष उतरतंय.

"उगाच रडतेस, ओमा," वर्लिन दम घेत बायकोला म्हणाला. "कोळसा... निघालाय बघ."

"कोळसा निघालाय की तू निघालायस?" ओमा म्हणाली.

डॉक्टर इलेन ट्रस्क यांना तिनंच बोलावून आणलं होतं. बाई खाणकामगारांच्या छातीचा अभ्यास करायला विद्यापीठातून आलेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. जेवणाच्या टेबलावरचे दोन उकडलेले बटाटे उचलून हॅलोवेपुढे धरले.

"साहेब, आता यांचे पाय धुवा."

"चर्चमध्ये थट्टा?" हॅलोवे तडकला.

"चालव रे," आमचे म्हातारे धर्मगुरू एस्टिलबाबा त्याला म्हणाले. "बटाटाही देवानंच केलाय."

वर्लिननं पाय बाहेर काढले; मी पाणी बदललं, मीठ टाकलं, बटाटे सोडले. यंत्र सुरू झालं. पाणी पिवळं, मग तपकिरी, मग काळे कण.

"अगं बाई," ओमा म्हणाली, "बटाटे कुठल्या खाणीत होते?"

तळघर खदखदलं. हॅलोवे मागे हटेना. "बटाट्यातही विष असतं! फवारणीचं!"

"मग बटाटेही काढू," ट्रस्कबाई म्हणाल्या.

मी पुन्हा ताजं मिठाचं पाणी भरलं. नुसत्या पाण्याचाही तोच रंग झाला. बाईंनी यंत्र बंद करून त्याचा पाण्यातला भाग वर काढला. आतल्या लोखंडी पट्ट्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झपाट्यानं गंजतं. तुम्ही पाहिलात तो गंज. संशोधन म्हणजे काही मोठं नाही हो, पाय काढूनही एकदा बघायचं."

सगळे हसले. वर्लिन हसला नाही.

"मग माझा कोळसा?"

"छातीतच आहे, वर्लिनभाऊ," बाई त्याच्या शेजारी बसल्या. "तो कुणालाच काढता येत नाही. श्वासाला आधार तेवढा देता येतो."

वर्लिननं ओले पाय पुसून बुटांत घातले. मग म्हणाला, "ओमा, नळी आण."

खरं उत्तर असं जड असतं, म्हणून तर खोट्याभोवती गर्दी जमते. तरी सांगतो, तुमच्या गावात कुणी पाणी काळं करून दाखवू लागला, तर आधी पाय न बुडवता टब चालवायला लावा. चमत्कार खरा असेल, तर त्याचं काय बिघडणार आहे?