झडपेवरची इस्त्री

लॉन्ड्रीतल्या बॉयलरच्या डोक्यावर एक झडप होती. आत वाफ वाजवीपेक्षा जास्त झाली की ती आपोआप उघडायची, शिटी मारायची आणि जादा वाफ बाहेर सोडायची. पण हॉस्पिटलच्या चादरींचा डोंगर पडलेला असला की ती शिटी कुणालाच नको असे. दाब उतरायचा, वाफेवर चालणारे इस्त्रीचे प्रेस थंड पडायचे आणि सगळे हात बांधून बसायचे. म्हणून सुपरवायझरने युक्ती काढली. मूठ मोडलेली एक जुनी लोखंडी इस्त्री तो झडपेच्या दांड्याला टांगायचा. वजनाने झडप दाबून राहायची आणि काम सुरळीत चालायचं.

"आज बॉयलरला दागिना घातला का?" असं प्रेसवाले हसत विचारायचे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

कुरकुर करायचा तो एकटा भट्टीमामा. बॉयलर त्याच्या ताब्यात होता. "अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या," म्हणायचा. पण सुपरवायझरपुढे त्याचं काय चालणार?

एका सकाळी बॉयलर फुटला आणि भट्टीमामा जागीच गेला.

घड्या घालणारी मावशी तेव्हा दाराशी होती. वाफ विरळ होत होती, लोक ओरडत बाहेर पळत होते, आणि सुपरवायझर मात्र खाली वाकलेला तिला दिसला. त्याने फरशीवर पडलेली ती मूठमोडकी इस्त्री फडक्यात गुंडाळली आणि पलीकडच्या खोलीत जुन्या इस्त्र्यांच्या फळीवर नेऊन ठेवली. सुपरवायझर तिचा जावई होता.

दुपारपर्यंत बातमी फिरली की भट्टीमामा पिऊन आला होता, त्याला डुलकी लागली. तो एके काळी प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. बाप्तिस्मा घेतल्यापासून तो थेंबालाही शिवला नव्हता, हेही माहीत होतं. पण पहिली गोष्ट सगळ्यांच्या सोयीची होती. इस्त्रीचं बाहेर कळून लॉन्ड्री बंद पडली तर चुली कुणाच्या पेटणार?

रविवारी भट्टीमामाची बायको चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. मावशी नेहमीसारखी पुढे, एका बाजूला लेक, पलीकडे जावई. प्रभुभोजनाचा प्याला बाकावरून सरकत आला. जावयाने ओठाला लावला, लेकीने लावला. मावशीने हातात घेतला आणि तसाच पुढे दिला.

घरी आल्या आल्या लेकीने विचारलं, "आई, प्याला का नाही घेतलास? अख्खी मंडळी बघत होती."

"घशाखाली उतरला नसता गं."

"उगाच काहीतरी!"

"भट्टीमामा प्यायला नव्हता. तुलाही ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. आणि तुलाही नाही. तू आपल्या चादरी बघ." लेकीचा आवाज चढला, मग एकदम बसला. "उद्या चौकशीचा साहेब येतोय. आई, यांना आत टाकतील. क्षमा करा, क्षमा करा म्हणून लहानपणापासून माझं डोकं खाल्लंस ना? मग आता कुठे गेली तुझी क्षमा?"

"मी केली क्षमा. पाहिलं त्याच दिवशी केली. पण भट्टीमामाच्या बायकोच्या वाटची क्षमा मी कशी करू? ती तिची आहे. आणि तिला तर अजून कुणी मागितलेलीही नाही."

जावई आतापर्यंत खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "आई, मी मुद्दाम केलं का? काम उरकावं म्हणूनच ना?"

"मग तेवढंच सांगा, जावईबापू. टांगली, चुकलं, मुद्दाम नाही केलं. मी तुमच्या शेजारी उभी राहीन."

"आणि नाही सांगितलं तर?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "तर मी सांगेन. तुमच्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून आधी तोंडावर सांगतेय."

"मग लेक मेली समज," लेक म्हणाली आणि मुलाला कडेवर घेऊन खालच्या मजल्यावर आपल्या घरी निघून गेली. जावई मागोमाग गेला.

सकाळी मावशीने गुडघे टेकले. तिने धैर्य मागितलं नाही. साहेबाने आपल्याला काही विचारू नये, एवढंच मागितलं. विचारलं तर खोटं बोलता येणार नव्हतं, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

चौकशी प्रेसच्या खोलीतच झाली. साहेबाने प्रेसवाल्यांना एकेक करून पुढे बोलावलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. "माणूस प्यायचा का?" असं विचारल्यावर एकजण म्हणाला, "तशी सवय होती त्याला, साहेब." सुपरवायझरने खाली बघत मान हलवली. घड्या घालणाऱ्या बायकांकडे साहेबाने एकदाच नजर टाकली. त्या बॉयलरच्या कामातल्या नव्हेत, तेव्हा त्यांना काय विचारायचं? त्याने पेनाला टोपण लावलं.

देवाने तिचं मागणं ऐकलं होतं. अगदी मागितलं तसं. आता खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. लेक राहिली असती, नातू राहिला असता. कुणी बोट दाखवलं नसतं.

दाराशी भट्टीमामाची बायको उभी होती. ती रडत नव्हती. पिणाऱ्याची बायको पूर्वी जशी उभी राहायची, खांदे पाडून, तशी पुन्हा उभी राहिली होती.

"साहेब," मावशी म्हणाली, "मला विचारायचं राहिलं."

"तुम्ही काय पाहिलंत, बाई?"

तिने जावयाकडे पाहिलं. वाट पाहिली. अजूनही तो बोलला तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याने मान वर केली नाही.

मग तिने झडपेचं सांगितलं, इस्त्रीचं सांगितलं, ती कुठल्या फळीवर आहे तेही सांगितलं.

"टांगली कुणी?"

"माझ्या जावयाने. मुद्दाम नाही, साहेब. पण टांगली त्यांनीच. आणि भट्टीमामा शुद्धीत होता. तो रोज नको म्हणायचा."

एक प्रेसवाला पुटपुटला, "म्हातारीने सगळ्यांना बुडवलं." भट्टीमामाची बायको मात्र दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

जावयाला साहेबाबरोबर जावं लागलं.

संध्याकाळी मावशी जिना उतरून लेकीच्या दाराशी गेली. कडी वाजवली. आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"पोरी, मी आहे."

दार उघडलं नाही. मावशी पायरीवर टेकली. तिने आधी जावयासाठी प्रार्थना केली, मग लेकीसाठी. मोठ्याने केली, दाराआड ऐकू जावी म्हणून. आतून कुणी आमेन म्हटलं नाही. पण पावलं दारापासून मागेही गेली नाहीत.

मावशी बसून राहिली.