नुसतं स्टूलच तर काढलंय

त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च दाटून आलं होतं. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि हवा अशी दमट की घराघरांतली दारं चौकटीत घट्ट बसली होती. अशा हवेत लाकूड फुगतं. माझेही सांधे आवळून आले होते. माणूस रागावला की दातओठ खातो, तसंच काहीसं माझं झालं होतं. पण राग काही हवेचा नव्हता.

मी एक स्टूल आहे. बसायचं नव्हे, उभं राहायचं. आजवर माझ्यावर पाय पडले आणि मी कधी ब्र काढला नाही, कारण त्याचसाठी माझा जन्म. पण त्या दिवशी भर सभेत जे पाहिलं, ते पोटात ठेवून मला झोप येईना. मी अक्षरशत्रू. सावकाश बोलेन, थोडं मागेपुढे होईल, तेवढं सांभाळून घ्या.

मला घडवलं सुतारकाकांनी. त्यांच्या शेजारच्या घरात एक मुलगी राहायची, आजही राहते. अंगाने फार ठेंगणी. वयाने वाढली, उंचीने राहिली. काकांच्या कामाच्या बाकापाशी उभी राहिली की बाकावर फक्त तिचं डोकं दिसायचं. लोक तिला हाक मारताना आवाज उगाच लाडका करायचे, जशी ती शाळकरी पोर आहे. तिला त्याची भयंकर चीड.

चष्म्याच्या दुकानात माणूस हवं होतं म्हणून ती गेली. म्हातारे मालक काउंटरवरून ओणवे होऊन म्हणाले, “काम मी शिकवीन गं पोरी, पण काउंटर उंच आहे.”

“मग मी उद्या उंच होऊन येते,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती काकांकडे आली. काकांकडे कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दाराची चौकट पडून होती. जुनं, मुरलेलं लाकूड. त्याचा मी झालो. चार पाय खाली जरा फाकवलेले, कलंडू नये म्हणून. मध्ये एक पायरी, चढायला. आणि माथ्यावर बोटं घालायला एक खाच, म्हणजे उचलून नेता यावं. काकांनी तिला वर उभं केलं आणि चारी बाजूंनी मला हलवून पाहिलं.

“डुगडुगतंय का?”

“नाही काका.”

“भिडेखातर सांगू नकोस. पडशील तू, मी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला काखोटीला मारून दुकानात गेली, काउंटरमागे ठेवलं, चढली, आणि मालकांच्या नाकासमोर नाक आणून म्हणाली, “आले.” म्हातारबा इतके हसले की त्यांचाच चष्मा खाली पडला. तो तिने उचलून, पुसून, त्यांच्या नाकावर बसवला. तिथून पुढे तिला सगळे चष्म्याच्या ताई म्हणू लागले. मी मनात बाई म्हणतो.

काम नाजूक. चष्मा बसवायचा म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघावं लागतं. खालून बघून चालत नाही, वरून बघून चालत नाही. बाई माझ्यावर उभी राहिली की येईल त्या माणसाशी तिची नजर बरोबरीने भिडायची. दुकानाबाहेर तिच्या वाट्याला लोकांच्या कमरेचे पट्टे आणि पिशव्या. माझ्यावर चढली की चेहरे. तिचा चढतानाचा पाय आणि उतरतानाचा पाय यांत फरक असायचा, तो मला कळायचा.

ती सांगायची, कुणाचेच दोन कान एका रेषेत नसतात. चष्म्याची एक काडी जराशी वाकवावी लागतेच. एकदा एक हेडमास्तर भडकले, “माझे कान सरळ आहेत!”

“आहेत ना मास्तर. चष्माच मेला तिरका आहे,” असं म्हणत तिने गुपचूप काडी वाकवली. मास्तर खूश होऊन गेले.

लोकांची एक गंमत मी खालून पाहिली आहे. नवा चष्मा घातला की पुरुष आधी आरशात बघतो, मग बायकोकडे. बायका मात्र आधी दाराबाहेर बघतात, किती लांबचं दिसतंय ते.

असे दिवस चांगले गेले. मग म्हातारे मालक वारले आणि दुकान त्यांच्या पुतण्याकडे आलं. पुतण्या हौशी. त्याने जुना काउंटर काढून काचेचा लांबलचक काउंटर आणला, खाली गुळगुळीत लाद्या बसवल्या, छताला दिव्यांची रांग. सगळं चकचकीत झाल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली.

“ताई, मी तुम्हाला घरच्यासारखं मानतो,” तो म्हणाला. कुणी असं बोलायला लागलं की समजावं, आता घराबाहेर काढणार. “पण हे स्टूल बरं दिसत नाही. शिवाय गिऱ्हाईक अडखळून पडलं तर?”

“काउंटरच्या मागे गिऱ्हाईक कशाला येईल?”

“तरीपण. तुम्ही आत बसा ना आरामात. काचा पुसा. कष्ट कमी.”

मला मागच्या बोळात, फरशी पुसायच्या बादलीशेजारी टाकलं. बाईला पडद्याआड, मागच्या खोलीत. लोक विचारायचे, “ताई दिसत नाहीत?” तर पुतण्या म्हणायचा, “सुट्टीवर आहेत.” ती पडद्यामागे काच पुसत ते ऐकायची. एकदा तिने पडदा सारून विचारलं, “मला कामावरून काढलंय का?”

“छे! तुम्हाला कोण काढेल? नुसतं स्टूलच तर काढलंय.”

त्या संध्याकाळी ती बोळात आली, माझ्या खाचेत बोटं घातली आणि मला घेऊन निघाली, ती थेट तक्रारीच्या कचेरीत. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“कायदा स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “शरीराच्या कारणाने माणसाला कामावरून काढता येत नाही. तुम्हाला काढलंय?”

“नाही.”

“मग काय काढलंय?”

बाईने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हे स्टूल आहे. कायद्यात माणूस आहे ताई, स्टूल नाही.”

ऐकलंत? कायद्याला एक भोक पडलेलं होतं आणि ते नेमकं माझ्या मापाचं होतं. माणसाला हात लावायचा नाही, फक्त तो ज्यावर उभा आहे ते काढून घ्यायचं. मग तो आपोआप खाली येतो, आणि कुणी काही केलेलंच नसतं!

साहेबांनीच सांगितलं, समानतेचा कायदा दुरुस्त करायचा विचार चालू आहे, लोकांचं ऐकायला जाहीर सभा आहे, तिथे बोला. आठवडाभर बाई भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ओठ हलवत होती. काय बोलायचं ते घोकत होती. पुन्हा काउंटरला उभं राहायचं, चेहरे बघत काम करायचं, एवढीच तिची मागणी, पण ती थोडक्यात बसेना.

सभेला सुतारकाका सोबत आले. सभागृहाच्या दारात दरवानाने बाईला अडवलं. “सामान बाहेर. आत खुर्च्या आहेत.”

“हे सामान नाही. मला बोलताना लागेल.”

“ते मला माहीत नाही. स्टूल आत जाणार नाही.”

काकांनी मला तिच्या हातातून घेतलं, कमरेवर हात ठेवून कण्हले आणि म्हणाले, “बाबा, माझी पाठ धरते. मऊ खुर्चीत बसवत नाही. माझं आहे ते.”

“मग तसं सांगायचं ना आजोबा. या, या.”

बघा म्हणजे! म्हाताऱ्याच्या खोट्या पाठदुखीला मी चालतो. बाईच्या खऱ्या उंचीला चालत नाही.

आत दमट हवा आणि माणसांची गर्दी. काका शेवटच्या रांगेत माझ्यावर बसले. पुढे भाषणं सुरू होती. समान हा शब्द इतक्यांदा ऐकला की त्याची धारच बोथट झाली. अध्यक्षबाईंचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. आमच्या बाईचे हात त्याची काडी वाकवायला शिवशिवत होते. मग दुकानदारांचे एक पुढारी उठले. पुतण्याने त्यांचे कान आधीच भरले असावेत. “आज एक स्टूल मागेल, उद्या दुसरा पलंग मागेल. आम्ही धंदा करायचा की फर्निचर पुरवायचं?” सभा खळखळून हसली. अहो, मला पुरवलं कुणी? मी तर घरून आलो होतो!

मग बाईची पाळी आली. ती पायऱ्या चढून वर गेली. भाषणाचं मेज असं उंच की त्यामागे ती नाहीशीच झाली. वर फक्त माईक.

“वक्त्या कुठायत?” मागून कुणी ओरडलं. हशा.

तिने बाजूला येऊन काकांना हाताने खूण केली, स्टूल आणा. काका उठले. पण त्याआधीच एक तगडा स्वयंसेवक, छातीवर बिल्ला लावलेला, हसत हसत तिच्या मागे आला. तिच्या दोन्ही बगलांत हात घातले. उचललं. आणि मेजामागच्या खुर्चीवर नेऊन उभं केलं.

मोठ्या बाईमाणसाला. भर सभेत. न विचारता. लहान मूल उचलावं तसं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी लाकूड आहे. पण त्या टाळ्यांनी माझ्या शिरा तडकल्या. समानतेच्या सभेत, समानता समानता म्हणून घसे कोरडे केलेली ती माणसं कौतुकाने हसत होती. एकालाही काही चुकलंसं वाटलं नाही.

खुर्ची गुबगुबीत गादीची. बाईचे पाय त्यात रुतत होते, तोल जात होता. तिने मेजाची कड धरली. चेहरा राखेसारखा. आठवडाभर घोकलेलं सगळं पार पुसून गेलं, हे मला इतक्या लांबूनही दिसलं. स्वयंसेवक पुन्हा सावरायला पुढे झाला.

“हात लावायचा नाही!” ती माईकमध्ये म्हणाली.

टाळ्या थांबल्या. ती वळली, पोटावर सरकत, एक एक पाय चाचपत, स्वतःच खाली उतरली. उतरायला वेळ लागला.

काका मला घेऊन निघाले, तर दरवान धावत आला. “आजोबा, तुम्ही बसायला म्हणून आणलंत! वर नेता यायचं नाही!” त्याने माझा एक पाय धरला. इकडून काका ओढताहेत, तिकडून तो. कड्! माझा मागचा पाय सांध्यापासून उकलला.

“सोडा ते!” अध्यक्षबाई ओरडल्या. दरवानाने सोडलं.

काकांनी मला मेजामागे टेकवलं आणि हळूच म्हणाले, “पोरी, पाय गेलाय त्याचा. तीन पायांवर आहे.”

“माझ्याकडे तर दोनच आहेत,” ती म्हणाली आणि चढली.

तेव्हा मी कसा उभा राहिलो ते माझं मला माहीत. सगळा भार तीन पायांवर घेतला आणि सकाळपासून फुगून आवळलेल्या माझ्या सांध्यांना म्हटलं, आता धरून ठेवा.

“आत्ता मला उचललंत, तर टाळ्या वाजवल्यात,” बाई म्हणाली. आता तिची नजर सगळ्यांच्या नजरेला भिडत होती. “मी माझं स्टूल मागितलं, तर त्याचा पाय मोडलात. माझ्या दुकानातही असंच झालं. मला कुणी काढलं नाही. मालक म्हणाले, नुसतं स्टूलच तर काढलंय. माणसाला काढू नका, असं तुम्ही लिहून ठेवलंय. चांगलं केलंत. आता त्याच्या पायाखालचं काढू नका, हेही लिहा. मला कुणी उचलायला नकोय.”

एवढंच. ती उतरली. या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “आम्ही नोंद घेतली आहे.” दुकानदारांचे पुढारी कुणाच्या तरी कानात काही सांगत होते. कायदा बदलेल की नाही, देव जाणे. सभा उठल्यावर तो स्वयंसेवक दारात येऊन उभा राहिला. “ताई, मी चांगल्या मनानेच केलं हो.”

“माहितेय रे दादा,” बाई म्हणाली. “म्हणूनच जास्त लागलं. वाईट मनाने केलं असतंस तर तिथेच चावले असते.”

आता मी काकांच्या अंगणात उलटा पडलो आहे. मोडलेल्या सांध्यात सरस भरलाय आणि पाय शिकंज्यात आवळलाय. दमट हवेत सरस लवकर सुकत नाही. पडल्या पडल्या वाटतं, तुम्हा ऐकणाऱ्यांना एवढंच सांगावं: कुणाला मदत करायचा उमाळा आला, तर त्याला उचलू नका. आधी विचारा, तुमचं स्टूल कुठे ठेवू?

मघाशी बाई कुंपणापाशी आली होती. “काका, सोमवारपर्यंत सुकेल का हो?”

“घाई कसली?”

“सोमवारी मी पुढच्या काउंटरला जाणार आहे. दुकान उघडलं की याच्यावर चढून उभी राहणार.”

“आणि तो म्हणाला, हे स्टूल काढा, तर?”

“काढू दे की. मी वर असताना.”

काकांना ते उलगडलं, आणि ठसका लागेपर्यंत हसले. ती आत गेल्यावर त्यांनी शिकंजा आणखी एक फेरा आवळला, माझ्या माथ्यावर थोपटलं आणि म्हणाले, “ऐकलंस ना लेका? सोमवारी ती वर चढली की तू नुसतं स्टूल राहत नाहीस, कायद्यात येतोस. तेव्हा पाय रोवून उभा राहा.”