पाच पानं

हिरवी पानं, पाच, संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका ओळीत... इतकी ताजी की बोट लावलं तर ओलं होईल. तिनं बोट लावलं नाही. पाच पानं म्हणजे हा कापड रंगवणारा कारखाना पर्यावरणस्नेही, म्हणजे त्याला स्वस्त व्याजाचं कर्ज. बँकेतल्या इतक्या वर्षांत तिनं कारखान्यांची धुराडी, गटारं, मालकांचे चेहरे पाहून शेरे लिहिले होते. आता आकाशातून उपग्रह पाहतो, प्रोग्रॅम हिरवळ मोजतो आणि पानं देतो. प्रोग्रॅम तिच्या लेकीनं लिहिलेला. तिनं फक्त 'मान्य' दाबायचं.

पण काल ती उगाच — उगाच कसली, मनात पाल चुकचुकली म्हणून — तिकडे जाऊन आली होती. कारखान्यामागचं तळं काठोकाठ जलपर्णीनं भरलेलं. पाणी म्हणून दिसेना. "हिरवंगार आहे की नाही बाई? फक्त येताना नाक घरी ठेवायचं," रखवालदार हसला होता. कारखान्याच्याच सांडपाण्यावर पोसलेली ती हिरवळ... उपग्रहाला नाक नसतं, हे लेकीच्या लक्षात आलं नसेल? की आलं असेल —

"मॅडम, घोडं अडलंय कुठं?" साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली. "घरचाच तर प्रोग्रॅम!"

घरचाच. म्हणूनच तर. परक्याचा असता तर तिनं केव्हाच नकाराचा शेरा मारला असता. आता मारला तर बँक प्रोग्रॅम परत करणार. आणि लेकीचं हे पहिलंच मोठं काम. तिनं फोन लावला.

"अगं, तळ्यातली जलपर्णी तुझा प्रोग्रॅम झाडं म्हणून मोजतो का?"

पलीकडून, "आई, तू जेवलीस का?"

लहानपणी बरणी फुटली की लेक अशीच दाराआडून विचारायची — आई, पाय दुखतात का गं? दाबून देऊ? — आणि ते इतकं गोड वाटायचं की पाय खरंच दुखायला लागायचे... की आजचा प्रश्न नुसताच प्रश्न होता, आणि संशयानं आपलेच कान बिघडलेत? तिनं लेकीचा आवाज पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. दर वेळी तो थोडा वेगळा निघाला.

फोन केव्हाच ठेवला गेला होता. डबा टेबलावर तसाच, न उघडलेला. आणि मग तिला ऐकू आलं ते स्वतःचं उत्तर — "हो गं, मघाशीच जेवले" — किती सहज, किती मायेनं दिलेलं. आणि त्यानंतर जलपर्णीचं विचारायचं राहूनच गेलं होतं... की तिनंच राहू दिलं होतं?