भोंग्याला भेटू

"मॅडम, याचं नाव काढून टाका. बस." सुरभीने पान्हा टेबलावर आपटला.

"अरे यार, सुन तो लो," पियुष म्हणाला. "मी तयारच बसलो होतो."

"बसला होता! आम्ही दोघं इथे गेट बंद होईपर्यंत. रजतने आणलेल्या कचोऱ्या पण थंड्या झाल्या."

शोभना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होती. शेवटच्या वर्षाच्या गटांना काम वाटून घ्यायला, मग ते जुळवायला ती शिकवी. टेबलावर पायाने चालवायच्या पंपाचा सांगाडा होता, चाकाविना; चाक पियुषने आज आणून शेजारी टेकवलं होतं. उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. गटातून नाव गेलं, की पियुषचं वर्ष गेलं.

"ठरलं काय होतं?"

"भोंग्याला भेटू," तिघेही म्हणाले.

काल सुरभी आणि रजत घड्याळ बघून आले होते. पियुष मिलच्या चाळीत चाक सायकलला बांधून संध्याकाळच्या भोंग्याची वाट बघत राहिला. त्याच दिवशी मिलला कुलूप लागलं होतं; भोंगा वाजलाच नाही.

"बाबा पण ओट्यावरच होते," तो म्हणाला. "म्हणे, वाजेल, वाजेल. अंधार पडला."

शोभनाला कालची संध्याकाळ आठवली. रोज भोंग्यावर ठेवायचं चहाचं आधण न ठेवता ती खिडकीशी उभी होती. भिंतीवरचं ऊन पिवळं झालं, विरघळलं, तरी दुपार संपल्यासारखी वाटेना. सारं शहर झोपेत कूस बदलायचं विसरल्यासारखं पडून होतं.

"सुरभी," ती म्हणाली, "याचं चाक तू समजावून सांग."

जोडणीआधी प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग सांगायचा, हा तिचा नियम होता.

"जुनंच चाक आहे," सुरभी तुटकपणे म्हणाली. "तोल नव्हता, म्हणून याने कडेला शिसं ओतलं. तीनदा काढून परत ओतलं." तिचं बोट कडेवरून हळूहळू फिरत गेलं. "आता कुठेही थांबतं, जड बाजू खाली येत नाही."

"मग? नाव काढू?"

"राहू द्या. ए भिया, बघतोस काय? उचल ना."

चाक बसलं. पियुषने पेडल दाबलं. आरे फिरता फिरता दिसेनासे झाले, आणि त्यांच्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली.

"उद्या सगळे इथे साडेसातला," शोभना म्हणाली.

पियुषने मान हलवली आणि आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. शोभनाने मनगटावरचं घड्याळ सोडून त्याच्यापुढे धरलं.

"मॅडमजी, आणि तुम्ही?"

"रोज रात्री चावी दे. विसरू नकोस."

पट्टा त्याला कसाबसा पुरला. शोभनाच्या मनगटावर एक फिकट पट्टी उरली होती. तिने त्या पट्टीवर बांगडी सरकवली. हात खाली येताच बांगडी घसरली.