चुन्याची निवळी

छप्पन सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार हे ठरलं होतं. मराठवाडा मुंबईकडे जाणार आणि हैदराबाद शहर आंध्राकडे. आमच्या शाळेतल्या मराठी मास्तरांना विचारलं होतं, औरंगाबादेस जायचं की इथंच राहायचं. मला माझं उत्तर हेडमास्तर भगवंतरावांना त्या दिवशी शाळा सुटायच्या आत द्यायचं होतं.

मी जायचं ठरवलं होतं. माझी बायको सत्यवती श्रावणात तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. बरकतपुऱ्यातल्या घरात मला बसवत नव्हतं.

शेवटचा तास नववीचा होता, सगळे मुलगेच. मी टेबलावर काचेच्या नळ्या मांडल्या. मोरचुदाच्या पाण्यात अमोनियाचे थेंब टाकले. आधी फिकट निळा गाळ धरला. आणखी टाकला तसा गाळ विरघळून पाणी गर्द निळं झालं.

"मास्तरसाब, शाई झाली! पेनात भरू?"

"भर. परीक्षेत तेवढाच उजेड पडेल," मी म्हणालो. मुलं हसली.

मग चुन्याच्या निवळीची बाटली उघडली. निवळी दरवर्षी सत्यवतीच करून द्यायची. पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवायची, आणि वरचं स्वच्छ पाणी ओतताना तोंडावर पदर धरायची. श्वास लागला तर नासेल म्हणायची. ही तिनं केलेली शेवटची बाटली होती.

दोन नळ्या भरल्या. एक स्टँडवर ठेवली. दुसरीत काचेची बारीक नळी घालून एका मुलाला फुंकायला दिली. त्यानं गाल फुगवून फुंकलं आणि पाणी दुधासारखं झालं.

"हा झाला रसूब," मी म्हणालो.

मुलं पुन्हा हसली. मी रसायन उर्दूत शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर मराठी वर्ग हातात आले तेव्हा मराठी शब्द मला सत्यवतीनं दिले होते. रसूब म्हणजे साका, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की खाली बसतो तो, असं ती सांगायची. ती गेल्यापासून माझ्या तोंडात परत उर्दू येत होती.

"मास्तरसाब, ती पण बघा," पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला.

स्टँडवरची नळी पांढरी होत होती. हवेनं निवळीवर साय धरते, पण त्याला वेळ लागतो आणि ती वरून धरते. ही तळापासून पांढरी होत होती. कुणीतरी थांबून थांबून फुंकावं तशी.

"कुणी फुंकलं हिच्यात?"

"कुणी नाही. आम्ही तर इथं बसलोय."

मी वाकून पाहिलं. पाण्यात बुडबुडा नव्हता. तेवढ्यात अगदी जवळून ऐकू आलं, "साका म्हणा, अहो."

मी वळलो. "कोण बोललं?"

कुणी हसलं नाही. मागचा एक मुलगा हळूच म्हणाला, "तुम्हीच बोललात, मास्तरसाब. बाईच्या आवाजात."

मी वर्ग सोडला. नळ्या तशाच ठेवल्या.

भगवंतराव व्हरांड्यात उभे होते. "काय मास्तर, बिस्तरा बांधला का?"

"नाही. मी इथंच राहतो."

"काल तर जातो म्हणत होतात! हौले झालात काय, वेडबिड लागलं?"

"झालो असेन," मी म्हणालो. "पण नाव इथंच ठेवा."

त्यांनी हातातल्या यादीत माझ्या नावापुढं खूण केली. मग म्हणाले, "बघा बुवा. मग पुन्हा बदल होणार नाही."

शाळेतून निघताना मी भरभर चालत होतो. हिमायतनगर मागे पडलं तसा सावकाश झालो. एका इराण्याकडे चहा घेतला आणि तो निवेपर्यंत बसून राहिलो. दिवे लागले तेव्हा उठलो.

दाराला सकाळी मीच लावलेलं कुलूप होतं. किल्ली खिशात होती. तरी मी आधी कडी वाजवली आणि थांबलो.