दरीपलीकडचा आवाज

व्हिडिओ गेमची डिस्क छापायला कारखान्यात पाठवायच्या दिवशी आमच्याकडे एक रीत होती. शेवटची पातळी ज्याने बनवली, त्याने खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून दाखवायचा आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून, पिझ्झा खात, त्याची टर उडवायची. या वेळी खुर्चीत मी होते. आमचा नायक ऑर्विल, एक नाकतोडा. इतर खेळांतले नायक पडद्यावर नुसते डावी-उजवीकडे पळत. आमचा आत खोलवर जायचा, पानांच्या मागून फिरून पुढे यायचा. टॉरन्स शहरातल्या त्या कोंदट गाळ्यात आम्ही दोन वर्षं त्याच्यापायी डोळे फोडून घेतले होते.

शेवटी ऑर्विल दरी ओलांडून घरी पोचतो आणि त्याची आई दारातून हाक मारते. तो आवाज माझ्या आईचा. आम्ही तो टेपवर घेतला आणि त्याच हिवाळ्यात शस्त्रक्रियेत तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती पाटीवर लिहून बोलते. बिंगो खेळायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने लिहून बजावलं होतं, की नातवंडांना हा खेळ घ्या, त्यात मी बोलते.

मी दरीपाशी पोचले. उडी मारली. ऑर्विल खाली.

"ग्वेन, त्याला सहा पाय आहेत गं," आर्नल्ड म्हणाला. खेळाचा सगळा प्रोग्रॅम त्याचा. "तू दोनच वापरतेयस!"

सगळे हसले. मी पुन्हा उडी मारली. पुन्हा खाली. मग पुन्हा. हळूहळू मागचं हसणं थांबलं. आर्नल्डने हातातला तुकडा खाली ठेवला.

"आपण रोज या पातळीवर कसे यायचो?"

"चोरवाटेने," मी म्हणाले. "ती गुप्त बटणं दाबून."

"अरे देवा! चोरवाटेने आलं की त्याला पंख मिळतात. तपासायला सोपं जावं म्हणून मीच दिलेत. चालत आलेल्याला पंख नाहीत, ग्वेन."

ती दरी मी पंखवाल्या ऑर्विलच्या मापाने कापली होती. आणि इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकही शहाणा तिथवर चालत आला नव्हता.

"दहा मिनिटं दे, दरी अरुंद करतो," आर्नल्ड म्हणाला.

"काही हलवायचं नाही." हा आमचा साहेब, लाइल. तो शांतपणे बोटं पुसत होता. "एक दगड हलवला तरी खेळ ज्यांच्या यंत्रावर चालतो ते कन्सोलवाले सगळं पहिल्यापासून तपासतील. नाताळची विक्री हुकेल. मग लावा गाळ्याला कुलूप."

"लाइल, खेळ संपतच नाहीये!"

"माहीत आहे मला. बाहेरच्या तपासनिसांनी गेल्या पंधरवड्यात सांगितलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर तिथे लाजेचा लवलेश नव्हता.

"पंधरवडा? आणि तू गप्प बसलास?"

"तिथवर पोचतंय कोण? पोरं पाचव्या पातळीलाच कंट्रोलर आपटून जेवायला जातात."

"माझी आई आहे रे तिथे!" मी ओरडलेच. "तू इस्पितळात आला होतास ना? तिचा हात हातात घेऊन म्हणालास, की देशभरची पोरं तुमचा आवाज ऐकतील. आता तिला मी काय सांगू?"

"ग्वेन, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"बरं. मग एवढंच सांग, ती काय म्हणते दारातून?"

लाइलने आर्नल्डकडे पाहिलं. आर्नल्डने मान फिरवली.

"तिथवर मी कधी गेलोच नाही," लाइल म्हणाला.

बाहेर कुरियरच्या गाडीचा भोंगा वाजला. टेबलावरची डिस्क उचलून तो दाराकडे गेला, आणि आमच्यापैकी कुणीही त्याला अडवलं नाही. मीसुद्धा नाही.